कोठीपाशी काढलेले बूट

लोक आम्हाला भंगारवाले म्हणतात. मी कुणाला दुरुस्त करत बसत नाही, पण मनातून चिडते. भंगारवाला दारात उभा राहतो आणि तुम्ही द्याल ते घेऊन जातो. आम्ही घरात शिरतो, आणि बाहेर पडतो तेव्हा त्या घरात भिंती आणि भिंतीतले खिळे एवढंच उरलेलं असतं. म्हातारं जोडपं मुलाकडे पुण्याला कायमचं जातं, फ्लॅट विकला जातो, किंवा माणूसच जातो आणि मागचं आवरायला कुणाला वेळ नसतो. मग फोन येतो, "ताई, घर रिकामं करून पाहिजे." सोलापुरात अशी घरं आता पुष्कळ झाली आहेत, त्यामुळे आमचं बरं चाललं आहे.

हा धंदा मूळ माझ्या नवऱ्याचा. एका जिन्यावरून लोखंडी कपाट उतरवताना खालच्या बाजूला तो एकटाच होता. कपाट घसरलं आणि त्याची पाठ गेली. तेव्हापासून तो घरी बसून सल्ले देतो आणि टेम्पोबरोबर मी फिरते. कपाट एकट्याने उतरवायचं नाही, हातमोज्यांशिवाय माळ्यावर हात घालायचा नाही, बूट घातल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही, असं मी दिवसभर ओरडत असते. माझा आवाज मुळातच मोठा आहे. नवरा म्हणतो की तुझा आवाज ऐकूनच लोक घर सोडून जात असतील.

पण ओरडण्यावाचून गत्यंतर नसतं. माणसं घरात काय काय ठेवतात ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं. इन्शुलिनच्या सुया श्रीखंडाच्या डब्यात असतात. फुटलेली ट्यूबलाइट गादीत गुंडाळून माळ्यावर टाकलेली असते. ज्या बाटलीवर सरबताचं चित्र असतं, तिच्यात सरबत सोडून काहीही असू शकतं, बहुतेक वेळा संडास धुवायचं ॲसिड असतं. एका मास्तरांच्या घरी तर उशीच्या अभ्र्यात दाढीची जुनी पाती निघाली होती. हे सगळं आम्ही हाताने काढतो. आणि हाताला डोळे नसतात.

आम्ही तिघं. एक मी. दुसरे मामा, टेम्पो चालवणारे. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं यंत्रमागावर घालवली आणि कानही तिथेच ठेवून आले, त्यामुळे ते सगळ्यांशी मागाच्या खडखडाटात बोलल्यासारखे बोलतात. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि मला अक्का म्हणतात, जरी मी त्यांच्याहून बरीच लहान आहे. तिसऱ्या मावशी. सांगोल्याकडच्या माळावरच्या. माहेरी मेंढरं होती, सासरी मेंढरं होती, नवरा वारल्यावर ती विकून सोलापुरात आल्या. उंच, काटक, आणि वजन उचलायला कुणाच्याही बापाला ऐकायच्या नाहीत.

मावशींना बूट घालायला लावणं ही माझी मोठी लढाई होती. आयुष्यभर काट्याकुट्यातून अनवाणी चाललेली बाई. "ताई, ह्ये घातलं की पायाला जिमीन कळत न्हाय," त्या म्हणायच्या. मी म्हणायचे, "जमीन कळायची गरज नाही मावशी, काच कळायला नको म्हणून घाला." शेवटी एकदा खिळा बुटाच्या तळव्यात रुतला आणि पायापर्यंत पोचला नाही, तेव्हापासून त्या निमूट घालायला लागल्या. तो खिळा त्यांनी घरी नेऊन ठेवला होता. आल्यागेल्याला दाखवायच्या.

पण दोन ठिकाणी माझं काही चालत नसे. एक देवघर आणि दुसरं धान्य. देवघरापाशी आलं की मावशी बूट काढायच्या, हातमोजे काढायच्या, हात धुवायच्या आणि मगच देव उचलायच्या. धान्याच्या कोठीपाशीही तसंच. पायात पायताण घालून ज्वारीला हात लावायचा म्हणजे काय? आणि त्या हातमोज्यांनी, ज्यांनी आत्ताच न्हाणीघर उपसलं? मामाही त्यांच्याच बाजूचे. खरं सांगायचं तर मीही. मी माळशिरसची, आमच्याकडे धान्य मोजायच्या पायलीला चुकून पाय लागला तर आधी पाया पडायचं आणि मग बोलायचं. घरातलं बाकी सगळं कचरा म्हणून निघालं तरी धान्य कधी कचऱ्यात गेलं नाही. ते आम्ही वेगळं काढत असू, स्वच्छ पोत्यात भरत असू आणि ज्याला गरज असेल त्याला देत असू. आमच्या कामातला तेवढाच भाग मला अभिमानाचा वाटायचा.

त्या दिवशी आम्ही जुळे सोलापूर भागात होतो. श्रावणातले दमट दिवस. फ्लॅट एका निवृत्त जोडप्याचा. दोघं थोड्या दिवसांसाठी म्हणून मुलाकडे पुण्याला गेली आणि तिकडेच राहायचं ठरलं. मुलगा फोनवरून सूचना देत होता. टीव्ही कुणाला द्यायचा, फ्रिज कुणाला, लग्नात आलेल्या चादरींचा गठ्ठा कुठे पाठवायचा. सोलापुरातल्या कुठल्याही घरात निघतात तितक्या चादरी तिथेही निघाल्या. स्वयंपाकघरात दारामागे पत्र्याची कोठी होती. मी विचारलं, "धान्याचं काय करायचं?"

"काही नाही हो, देऊन टाका कुणालाही," तो म्हणाला.

मावशींच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी पाहिलं. त्यांची लेक बाळंतपणाला आली होती. नुकतीच पाचवी झाली होती, मुलगी झाली होती. जावई अकलूजला साखर कारखान्यावर कामाला. घरात खाणारी तोंडं वाढली होती, आणि बाळंतिणीला रोज ताजी भाकरी. मावशींनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. त्यांनी बूट काढले, हातमोजे काढले, हात धुतले, कोठीला नमस्कार केला आणि झाकण उघडलं.

आतून एक उग्र भपका आला. बंद घराला वास असतोच. मागची दारं सताड उघडी होती, वारा होता, तो निघून गेला. मावशी पातेल्याने ज्वारी पोत्यात भरू लागल्या. टपोरी, पांढरीशुभ्र मालदांडी. मूठभर हातात घेऊन त्या मला दाखवत होत्या. अर्धी कोठी रिकामी झाल्यावर आतून मऊ कापडाच्या पुरचुंड्या निघाल्या, घट्ट गाठ मारलेल्या.

"ह्ये काय?" मामांनी विचारलं.

"पाला हाय," मावशी म्हणाल्या. "कडूलिंबाचा पाला बांदून ठिवत्यात. किडं लागत न्हाईत. आमच्यात बी ठिवत्यात की." आणि त्यांनी त्या पुरचुंड्या ज्वारीबरोबर पोत्यात ठेवून दिल्या, धान्य घरीही टिकावं म्हणून. त्यांच्याकडे तसंच करतात. माझ्याकडेही आजी तसंच करायची. मला काही वावगं वाटलं नाही.

दुपार व्हायच्या आत मी त्यांना सोडलं. मामांनी पोत्यांसकट त्यांना घरी पोचवलं, विजापूर रोडच्या पलीकडच्या वस्तीत. आम्ही दोघं राहिलेला माल घेऊन अक्कलकोट रोडवरच्या आमच्या शेडला गेलो. जेवण झालं, मामा पितळ एकीकडे आणि ॲल्युमिनियम एकीकडे करत बसले. आणि एकदम ओरडले, "अक्का, हे बघा, कसलं जाड ॲल्युमिनियम!"

त्यांच्या हातात अंगठ्याएवढी जाड नळी होती. माळ्यावरच्या डब्यात सापडली म्हणाले. मी ती लांबूनच ओळखली. तिच्यावर लाल अक्षरं होती आणि कवटीचं चित्र होतं. माझ्या वडिलांकडे गव्हाच्या खोलीत टाकायच्या गोळ्या अशाच नळीत यायच्या. गोळ्या टाकल्या की खोलीला कुलूप लागायचं. आम्ही सगळे अंगणात झोपायचो, शेजारच्या गोठ्यातली जनावरंही बाहेर बांधली जायची. त्या खोलीच्या दिशेनं खेळायला गेलं तरी पाठीत धपाटा बसायचा. गोळीला दमट हवा लागली की तिचा विषारी वायू होतो, आणि बंद खोलीत तो माणसाला झोपेतच संपवतो, एवढं आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक होतं.

नळी अर्धी रिकामी होती. आणि मला त्या पुरचुंड्या आठवल्या. मावशींच्या बोटांत त्या कशा आवाज न करता दबल्या होत्या, तेही आठवलं. वाळका पाला असता तर कुरकुरला असता.

मावशींना फोन लावला. बंद. पोरीचा आणि बाळाचा डोळा लागला की त्या फोन बंद करून ठेवायच्या, हे त्यांनीच मला कौतुकाने सांगितलं होतं. मी मामांना ओढतच टेम्पोत बसवलं. सगळं सोलापूर पार करून जायचं होतं. सिग्नलला रिक्षा आडव्या, रस्त्यात खोदकाम, मामा खिडकीतून डोकं बाहेर काढून मोठमोठ्याने लोकांना बाजूला हाकताहेत. वाटेत मी त्या मुलाला फोन केला.

"अरे हो," तो म्हणाला. "आईने निघताना टाकल्या होत्या गोळ्या. त्या पुरचुंड्या आधी काढून टाकायला सांग असं ती मला म्हणाली होती. माझ्या डोक्यातूनच गेलं. का, काय झालं?"

त्याला टीव्ही लक्षात होता, फ्रिज लक्षात होता, चादरी कुणाच्या घरी पाठवायच्या ते लक्षात होतं. मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मामांना ऐकू कमी येतं, तरी तेही दचकले.

मावशींचं घर म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढे पडवी. खोलीचं दार लावलेलं होतं. फटीत फडकं कोंबलेलं होतं. खिडकीवर आतून चादर ठोकलेली. बाळंतिणीची खोली अशीच ठेवतात, वारं लागू नये म्हणून. मी दार ढकललं. आत बाळाच्या अंघोळीच्या पाण्याची वाफ कोंडलेली होती आणि धुरी घातलेली होती, ओव्याची आणि लसणाच्या सालींची. त्या गोळ्यांच्या वायूलाही लसणासारखाच वास येतो. मी उंबऱ्यात उभी राहिले आणि कुठला वास धुरीचा आणि कुठला विषाचा, ते मला कळेना. मावशींना कळण्याचा तर प्रश्नच नव्हता.

बाजेवर लेक आडवी होती, चेहरा पांढराफटक. कुशीत बाळ. आणि बाजेला टेकूनच दोन्ही पोती उभी, बाळंतिणीच्या उशाशी, घरातल्या सगळ्यात मानाच्या जागी.

"दुपारपासनं उलट्या करतीया," मावशी म्हणाल्या. "डोस्कं दुकतंय म्हनती. दिष्ट लागली बगा. आत्ताच मीठ-मिरची उतरून टाकली."

मी पुढे होऊन खिडकीवरची चादर ओढून काढली. मावशींनी माझं मनगट धरलं. त्यांच्या हातात काय ताकद आहे ते मला तेव्हा कळलं. "ताई, काय करताय! पोरीला वारं लागंल! कच्ची बाळंतीन हाय ती!" त्या माझ्या आणि दाराच्या मध्ये उभ्या राहिल्या. मला त्या क्षणी खरोखर वाटलं, ही बाई मला अडवणार आणि हिच्या डोळ्यांदेखत तिची लेक जाणार.

इतकी वर्षं सोलापुरात राहून मी बोलायला शिकले ते सगळं त्या वेळी पार उडालं. माळशिरसची पोरगी ओरडली, "मावशी, पाला न्हाय त्यो! इख हाय! गॅसच्या गोळ्या हाईत पुरचुंडीत!"

त्यांनी पोत्यांकडे बघितलं. बाळ उचललं आणि बाहेर गेल्या. मी लेकीला खांद्याचा आधार देऊन अंगणात आणली. मामा तोंडाला फडकं बांधून आत शिरायला निघाले तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले, की आधी तिन्ही माणसं दवाखान्यात, पोती मागाहून. दार, खिडकी सगळं उघडं टाकलं, शेजाऱ्यांना आत जाऊ नका म्हणून सांगितलं आणि निघालो.

टेम्पोत बाळ माझ्या मांडीवर होतं. ते रडत नव्हतं. बाळ रडत नाही याची मला एवढी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी त्याच्या तळपायाला टिचक्या मारत होते, ते नुसतं तोंड वाकडं करत होतं आणि पुन्हा डोळे मिटत होतं. मावशी लेकीचं डोकं छातीशी धरून समोर बघत बसल्या होत्या.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसल्या गोळ्या, नाव काय. मामांनी शर्टाच्या खिशातून ती नळी काढली. गोळ्यांसकट खिशात घालून ते अख्खं गाव हिंडले होते. एरवी मी त्यांची साल काढली असती. डॉक्टरांनी लांबूनच नाव वाचलं, नळी बाहेर उघड्यावर ठेवायला लावली आणि दोघींना आत नेलं. मावशींनाही ऑक्सिजन लावला. त्यांना काही होत नव्हतं असं त्या म्हणत होत्या. डॉक्टर मला एवढंच म्हणाले, की यावर उतारा नसतो, आता वाट बघायची.

आम्ही वाट बघितली. थोड्या वेळाने मावशी बाहेर बाकावर माझ्याशेजारी येऊन बसल्या. मला वाटलं त्या रडतील. पण त्यांना दुसरंच काही सुचत होतं. "मी हात जोडून आनली हुती तिला घरात," त्या म्हणाल्या. "बाजंपशी ठिवली. उशाला असू दी म्हनलं, लेकीच्या." एवढंच परत परत. ज्वारीने असं कसं केलं, हे त्यांना समजत नव्हतं.

दिवस मावळायच्या सुमाराला आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. चांगलं खणखणीत. मामांनासुद्धा ऐकू आलं. ते उठून उभे राहिले आणि खडखडाटातल्या आवाजात म्हणाले, "अक्का, आपलीच हाय!" सगळा वऱ्हांडा वळून बघायला लागला. माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच पदर तोंडाला लावून रडले, मला लाज वाटली नाही. लेकीला आणखी काही दिवस ठेवून घेतलं. तिच्या हृदयाचे ठोके नीट पडेपर्यंत डॉक्टर सोडायला तयार नव्हते. मग तीही घरी आली.

पोती मामांनी आणि मी दुसऱ्या दिवशी हलवली. शेतीच्या दुकानदाराला विचारून, मास्क लावून, हातमोजे घालून, उघड्या माळावर. एक पुरचुंडी सुटून तिची करडी पूड ज्वारीत मिसळली होती. खोल खड्डा करून सगळं पुरलं. इतकी सुंदर ज्वारी मातीत घालताना मामा तोंडातल्या तोंडात तेलुगूत काहीतरी पुटपुटत होते. मावशी आल्या नाहीत. आम्ही बोलावलंही नाही.

थोड्या दिवसांनी पुण्याहून त्या घरच्या आजींचाच फोन आला. मुलाने त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. "ज्वारी कुणाला दिलीत हो? मंगळवेढ्याची होती. भाकरी कशी झाली?" मी मुलासाठी जपून ठेवलेला तोंडाचा पट्टा तयार होता, पण या आवाजावर तो चालवणं जमेना. मी घडलं ते सरळ सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्याच जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधल्या होत्या हो. धान्याला लागू नये म्हणून." आणि मग, "बाळ दूध पितंय ना?" पितंय, मी म्हणाले. त्यानंतर दर आठवड्याला त्यांचा एक फोन येतो आणि त्या हाच प्रश्न विचारतात.

मावशी परत कामाला येतील असं मला वाटलं नव्हतं. आल्या. मी त्यांना काही सांगितलं नाही. बूट, हातमोजे, मास्क यांवर मी इतकं बोललेली आहे, पण धान्याबद्दल काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं. धान्यापाशी हातमोजे काढू नका असं मी कुठल्या तोंडाने सांगणार? मला स्वतःलाच ते नीट वाटत नव्हतं.

मग एका घरी पुन्हा कोठी निघाली. चादरी निघाल्या, भांडी निघाली, आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पत्र्याची उंच कोठी. मी आणि मामा दारात थांबलो. मावशी पुढे गेल्या आणि सवयीने बुटाच्या नाड्यांना हात घालायला वाकल्या. नाडीपाशी त्यांचा हात थांबला. मग सरळ झाल्या, मागे वळून परसातलं दार उघडलं, खिडकी उघडली, मास्क नाकावर ओढला. कोठीसमोर येऊन हातमोजे घातलेले दोन्ही हात जोडले.

"माफ कर गं लक्षुमी," त्या म्हणाल्या, "घरात नात हाय."